‘लवकर’ आणि ‘वेळीच’ : १९१८ च्या साथीतील निर्बंधांवरील संशोधनाचे परीक्षण

साथीच्या रोगांसंबंधी लिहिताना ‘निर्बंध वेळीच घातले असते तर इतके बळी गेले नसते’ हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की त्याला पुराव्याची अपेक्षा आहे याचेच विस्मरण व्हावे. पुरावा मागितलाच, तर बहुधा फिलाडेल्फिया आणि सेंट लुइस या दोन अमेरिकन नगरांची नावे पुढे केली जातात. १९१८ च्या इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीत या दोन नगरांनी जे केले आणि जे भोगले, त्याची तुलना आता जवळजवळ दृष्टान्ताच्या पदवीस पोहोचली आहे. २०२० साली कोविडची साथ जगभर पसरली तेव्हा वृत्तपत्रांनी आणि शासकीय सल्लागारांनी हा दृष्टान्त पुनःपुन्हा सांगितला व त्यावरून धोरणाची दिशाही सुचविली. त्याच्या मुळाशी प्रामुख्याने २००७ साली प्रसिद्ध झालेली तीन संशोधने आहेत. ही संशोधने स्वतः काय म्हणतात आणि त्यांच्या नावावर काय सांगितले जाते, यांत बरेच अंतर आहे. आणि ते अंतर मुख्यतः ‘लवकर’ या एका साध्या दिसणाऱ्या शब्दाच्या अर्थात दडलेले आहे.

प्रथम तो दृष्टान्त पाहू जाता असे दिसते की, फिलाडेल्फियाच्या नागरी वस्तीत रोग्यांची पहिली नोंद १७ सप्टेंबर १९१८ रोजी झाली. नगराच्या अधिकाऱ्यांनी तिला फारसे महत्त्व दिले नाही. २८ सप्टेंबर रोजी युद्धकर्जाच्या प्रचारासाठी ठरलेली मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली व तिला सुमारे २ लक्ष लोक जमले. शाळा, प्रार्थनामंदिरे, नाट्यगृहे व इतर जमावाच्या जागा बंद करण्याचा आदेश ३ ऑक्टोबरला निघाला. तोपर्यंत रुग्णालये भरून गेली होती. सेंट लुइस येथे नागरिकांतील पहिले रोगी ५ ऑक्टोबरला नोंदले गेले आणि आरोग्याधिकारी मॅक्स स्टार्कलॉफ यांच्या आग्रहावरून ७ ऑक्टोबरलाच व्यापक निर्बंध अमलात आले. एका नगरास निर्णयाला सोळा दिवस लागले, दुसऱ्यास दोन. परिणामाचे आकडे असे : इन्फ्ल्यूएन्झा व न्यूमोनिया यांमुळे झालेल्या अधिक मृत्यूंचे साप्ताहिक प्रमाण फिलाडेल्फियात शिखरावर असताना दर लक्ष लोकसंख्येमागे २५७ होते, सेंट लुइसमध्ये ते ३१ च्या वर गेले नाही. म्हणजे आठपटींहून अधिक अंतर. ८ सप्टेंबर ते २८ डिसेंबर १९१८ या संपूर्ण काळातील एकूण अधिक मृत्यू मात्र दर लक्षामागे अनुक्रमे ७१९ आणि ३४७ होते. हे अंतर दुपटीचे आहे.

दृष्टान्त सांगणारे बहुधा पहिलेच आकडे सांगतात. शिखरात आठपट आणि एकूण संख्येत दुप्पट, हा भेद केवळ तपशिलाचा नाही. पहिला आकडा रुग्णालयावर आणि स्मशानावर एका आठवड्यात किती भार पडला हे सांगतो, दुसरा एकंदर किती माणसे गेली हे सांगतो. निर्बंधांच्या काळवेळेचा प्रभाव या दोहोंवर सारखाच पडतो असे गृहीत धरले की पुढचा सर्व विचार चुकत जातो. दुप्पट हे अंतरही अर्थात् लहान नव्हे. ते माणसांच्या जिवांचे अंतर आहे. परंतु तेवढे अंतर केवळ चौदा दिवसांच्या फरकाने पडले असे म्हणावयाचे, तर ती दोन नगरे इतर सर्व बाबतींत सारखी होती असे दाखविले पाहिजे, आणि दोन उदाहरणांवरून ते दाखविता येत नाही. म्हणूनच संशोधकांना अनेक नगरांचा हिशेब मांडावा लागला.

तो हिशेब तपासण्यापूर्वी शब्दांचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. काळाचे औचित्य दाखविण्यासाठी मराठीत तीन शब्द नित्य वापरात आहेत : ‘वेळेवर’, ‘लवकर’ आणि ‘वेळीच’. कोशात ते एकमेकांचे पर्याय म्हणून सापडतात, पण वाक्यात त्यांचे वर्तन निराळे असते. ‘गाडी वेळेवर आली’ या वाक्यात वेळापत्रक आधीच छापलेले असते. आगमनाची तुलना त्या छापील वेळेशी होते. ‘पाहुणे लवकर आले’ या वाक्यात छापील काही नसते, पण वक्ता व श्रोता या दोघांना ठाऊक असलेला एखादा संदर्भबिंदू असतोच, मग तो जेवणाचा असो वा दिवेलागणीचा. तो बिंदू काढून घेतला तर ‘लवकर’ला काहीच अर्थ उरत नाही. ‘वैद्य वेळीच आला’ या वाक्याची जात मात्र अगदी वेगळी आहे. त्यापुढे ‘पण रोगी दगावला’ असे जोडले की श्रोता अडखळतो. ‘वेळीच’मध्ये केवळ काळ नसून फळही असते, जे करावयाचे ते साधले, हा निर्णय त्या शब्दाने आधीच देऊन टाकलेला असतो. इंग्रजीतील ‘अर्ली’ व ‘टाइमली’ यांतही साधारण असाच भेद आहे.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. ‘निर्बंध वेळीच घातले म्हणून मृत्यू कमी झाले’ हे वाक्य कार्यकारणाचे दिसते, परंतु त्यातील कारणाच्या शब्दात कार्य अगोदरच बसलेले आहे. ते खोटे ठरूच शकत नाही, आणि म्हणून ते काही सांगतही नाही. मृत्यू कमी झाले नसते तर तेच निर्बंध ‘वेळीच’ घातले असे कोणी म्हटले नसते. ‘निर्बंध लवकर घातले म्हणून मृत्यू कमी झाले’ हे विधान मात्र तपासता येते. अट एवढीच की ‘लवकर’चा संदर्भबिंदू सांगितला पाहिजे, आणि तो परिणामापासून स्वतंत्र असला पाहिजे. २००७ च्या संशोधनांचे मोल हे की त्यांनी ही अट ओळखली. त्यांची मर्यादा ही की ती पूर्णपणे पाळणे कोणालाच शक्य नव्हते.

रिचर्ड हॅचेट, कार्टर मेचर व मार्क लिप्सिच यांनी १७ नगरांतील १९ प्रकारच्या उपायांचा अभ्यास केला. दिनदर्शिकेवरील तारीख त्यांनी संदर्भबिंदू मानली नाही, हे त्यांचे सर्वांत शहाणपणाचे काम होय. साथ एका नगरात सप्टेंबरात आणि दुसऱ्यात ऑक्टोबरात पोहोचली असता ३ ऑक्टोबर व ७ ऑक्टोबर यांची तुलना निरर्थक ठरते. तारखेने पाहिले तर फिलाडेल्फियाच चार दिवस ‘लवकर’ होते! त्यांनी साथीचेच घड्याळ केले. निर्बंध अमलात आले त्या दिवशी नगरात दर लक्षामागे किती अधिक मृत्यू होऊन गेले होते, हा त्या घड्याळाचा काटा. दर लक्षामागे २० मृत्यू होण्याच्या आत ज्या नगरांनी चार किंवा अधिक उपाय योजले त्यांच्यात साप्ताहिक शिखराचा मध्यक ६५ होता. ज्यांनी तीन किंवा त्याहून कमी योजले त्यांच्यात १४६. शिखर निम्म्याहून खाली आले, हा निष्कर्ष ठळक आहे. एकूण मृत्यूंतील घट मात्र त्यांना सुमारे पंचमांशच आढळली व तीही तितक्या निश्चितपणे नव्हे. हे लेखकांनी स्वतः नमूद केले आहे; त्यांचा हवाला देणाऱ्यांनी ते क्वचितच केले.

हॉवर्ड मार्केल व त्यांचे सहकारी यांचे संशोधन अधिक विस्तृत आहे : ४३ नगरे, २४ आठवडे, १,१५,३४० अधिक मृत्यू. त्यांचे घड्याळ निराळे. नगरातील अधिक मृत्यूंचे साप्ताहिक प्रमाण नेहमीच्या पातळीच्या दुपटीस ज्या दिवशी पोहोचले तो दिवस शून्य, आणि पहिला मोठा निर्बंध त्या दिवसाच्या किती आधी वा नंतर आला ते त्या नगराचे उत्तर. या घड्याळाने न्यूयॉर्क ११ दिवस आधी जागे झाले होते. पिट्सबर्गला ७ दिवस उशीर झाला होता, आणि त्या नगराने ४३ नगरांतील सर्वांत मोठे मृत्युप्रमाण, दर लक्षामागे ८०७, भोगले. काळवेळ व परिणाम यांतील सहसंबंध त्यांनी तीन प्रकारांनी दिले आहेत : शिखर पुढे ढकलले जाण्याशी उणे ०·७४, शिखराच्या उंचीशी ०·३१ आणि एकूण मृत्यूंशी ०·३७. सहसंबंधाचा वर्ग केला म्हणजे भिन्नतेचा किती भाग त्या कारणाशी जोडता येतो ते समजते. शिखराच्या विलंबाच्या बाबतीत तो सुमारे ५५ टक्के येतो. एकूण मृत्यूंच्या बाबतीत सुमारे १४ टक्के. नगरानगरांत मृत्यूंचे जे अंतर होते त्याच्या सहा भागांपैकी पाच भागांहून अधिक अंतराचा निर्बंधांच्या आरंभकालाशी संबंध जोडता येत नाही, असे याच आकड्यांवरून म्हणता येते. संशोधकांनी हे लपविलेले नाही. पण ‘लवकर म्हणजे कमी मृत्यू’ असे त्याचे सूत्र करून ते शिकविले गेले तेव्हा ०·३७ या अंकाची आठवण कोणी ठेवली नाही.

या घड्याळात आणखी एक सूक्ष्म दोष आहे. समजा, एखाद्या नगराने मृत्यू दुप्पट होण्यापूर्वीच निर्बंध घातले आणि ते परिणामकारक ठरले. मग साथीची गती मंदावेल व मृत्यूंचे प्रमाण दुपटीस पोहोचण्याचा दिवसच पुढे जाईल. म्हणजे निर्बंधांमुळे शून्यबिंदू सरकेल, आणि ते नगर प्रत्यक्षात होते त्याहूनही ‘लवकर’ जागे झालेले दिसेल. फळ पुन्हा एकदा, या वेळी गणिताच्या दाराने, काळाच्या शब्दात शिरले. दोष दूर करावयाचा तर संसर्गाचा दिवस घड्याळ म्हणून हवा. पण १९१८ मध्ये संसर्ग मोजण्याचे साधन नव्हते. मानवी इन्फ्ल्यूएन्झाचा विषाणूच १९३३ पर्यंत वेगळा काढता आला नव्हता, आणि साथ सुरू झाली तेव्हा अनेक ठिकाणी इन्फ्ल्यूएन्झा हा अधिकाऱ्यांना कळविण्याजोगा रोगही मानला जात नव्हता. मृत्यू मोजले गेले म्हणून मृत्यूंचे घड्याळ झाले. ते घड्याळ नेहमी एक-दोन आठवडे मागे असते. त्याहून महत्त्वाचे हे की, १९१८ च्या सप्टेंबरात स्टार्कलॉफ यांच्या टेबलावर ते घड्याळ नव्हतेच; अधिक मृत्यूंचा तक्ता साथ ओसरल्यावर १९१० ते १९१६ या वर्षांच्या सरासरीशी ताडून तयार झाला. ‘शून्य दिवसाच्या अकरा दिवस आधी निर्णय घ्या’ हा सल्ला पाळता येण्यासारखा नाही, कारण शून्य दिवस कोणता हे तो उलटून गेल्यावरच कळते.

मग सेंट लुइसला आधी कसे कळले? याचे उत्तर बऱ्याच अंशी भूगोलात आहे. साथीची ती प्राणघातक लाट बोस्टन व त्याजवळील सैनिकी छावणी येथून पश्चिमेकडे पसरत गेली. पूर्व किनाऱ्यावरील नगरांना तिने बेसावध गाठले. आतील नगरांना फिलाडेल्फियाची दैना वृत्तपत्रांत वाचण्यास मिळाली. ज्यांना उशिरा लागण झाली त्यांनाच लवकर निर्णय घेता आला, आणि लाट जसजशी पश्चिमेकडे सरकली तसतशी तिची तीव्रता इतर कारणांनीही बदलली असण्याचा संभव आहे. २०२० मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी नेमका हाच धागा पकडला. नगराचे बोस्टनपासूनचे अंतर हिशेबात घेऊन त्यांनी निर्बंधांचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न केला. शिखर खाली आले हे त्यांनाही दिसले. एकूण मृत्यू निश्चितपणे घटले असे त्यांना म्हणता आले नाही, आणि त्याचे संभाव्य कारण त्यांनी निर्बंधांच्या अल्प मुदतीत शोधले. न्यूयॉर्कच्या बाबतीत तर आक्षेप अधिक मुळाशी जातो. तेथील आरोग्याधिकारी रॉयल कोपलँड यांनी शाळा व नाट्यगृहे सरसकट बंद केलीच नाहीत. कचेऱ्या-दुकानांच्या वेळा पुढेमागे केल्या आणि रोग्यांच्या विलगीकरणाचे आदेश काढले. हे आदेश कागदावर किती होते आणि प्रत्यक्षात किती, हा प्रश्न इतिहासकार जॉन बॅरी यांनी उपस्थित केला. आदेशाची तारीख म्हणजे अंमलाची तारीख नव्हे, हे शासकीय दप्तरे चाळणाऱ्या कोणाही अभ्यासकास वेगळे सांगावयास नको. पिट्सबर्गने ४ ऑक्टोबरला जमावबंदी केली, पण शाळा २४ ऑक्टोबरला बंद केल्या. यांपैकी ‘निर्बंधाचा दिवस’ कोणता मानावा?

आरंभाच्या वेळेची इतकी चर्चा होते, पण शेवटच्या वेळेची होत नाही, ही या विषयावरील लेखनातील सर्वांत मोठी उणीव आहे. शिखर आणि एकूण संख्या यांतील तफावतीचे उत्तर तेथेच आहे. निर्बंधांनी माणसांचा परस्परसंपर्क तुटतो; माणसांची प्रतिकारशक्ती त्यामुळे वाढत नाही. सहा आठवडे दारे बंद ठेवून उघडली, तर दारामागे ज्यांना लागण झाली नव्हती ते सर्व पूर्वीइतकेच उघडे पडतात. जी नगरे पहिल्या लाटेतून अल्प हानीने सुटली त्यांनाच दुसऱ्या लाटेची अधिक भीती होती. हॅचेट व सहकाऱ्यांनी पाहिलेल्या नगरांपैकी एकाही नगरात मुख्य निर्बंध चालू असताना दुसरी लाट आली नाही. जेथे आली तेथे ते उठविल्यावर आली. सेंट लुइसचेही तेच झाले. नोव्हेंबरच्या मध्यास बंदी सैल झाली, रोग वाढू लागला, बंदी पुन्हा घालावी लागली. ज्या नगराचे नाव ‘वेळीच’ या शब्दाचे उदाहरण म्हणून घेतले जाते, त्यास तो शब्द दोन महिन्यांत दोनदा शिकावा लागला. सॅन फ्रान्सिस्कोने २१ नोव्हेंबर १९१८ रोजी मुखपट्ट्या समारंभाने उतरविल्या आणि जानेवारी १९१९ मध्ये त्या परत बांधण्याचा हुकूम काढला.

मार्टिन बूट्स्मा व नील फर्ग्युसन यांचे संशोधन या ठिकाणी सर्वांत उपयुक्त आहे, व ते सर्वांत कमी वाचले जाते. त्यांनी गणिती प्रतिमान घेतले व त्यात शासनाच्या आदेशांबरोबरच मृत्यू वाढताना लोक आपण होऊन गर्दी टाळू लागतात, याचाही हिशेब धरला. सेंट लुइस, मिलवॉकी, सॅन फ्रान्सिस्को व कॅन्सस सिटी येथे संक्रमण ३० ते ५० टक्क्यांनी घटले असावे, पण बहुतेक ठिकाणी उपाय उशिरा आले व लवकर उठले, त्यामुळे एकूण मृत्यूंवरील परिणाम मर्यादित राहिला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या प्रतिमानातून निघणारी एक गोष्ट ‘जितके लवकर तितके बरे’ या लोकप्रिय समजुतीच्या विरुद्ध जाते. निर्बंध तात्पुरतेच असणार आणि लस येणार नाही असे असेल, तर अत्यंत लवकर घातलेले अत्यंत कडक निर्बंध साथ टाळीत नाहीत, पुढे ढकलतात. साथ ओसरण्यास जितक्या जणांना लागण होणे अटळ असते त्यापेक्षा वेगामुळे पुष्कळच अधिक जण ओढले जातात. तात्पुरत्या निर्बंधांनी वाचविता येतो तो मुख्यत्वे हा अधिकचा भाग. याउलट मिळविलेल्या वेळात लस तयार झाली, तर ढकललेला प्रत्येक मृत्यू टळलेला मृत्यू होऊ शकतो. १९१८ मध्ये लवकर मिळविलेल्या वेळाचे मोल रुग्णालयातील खाटांपुरते होते. २०२० मध्ये तेच मोल फार मोठे ठरले, कारण त्या वर्षीच्या डिसेंबरात लस टोचली जाऊ लागली. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये देशात कोविडचा एकही मृत्यू झालेला नसताना दारे लावली आणि बहुसंख्य प्रौढांचे लसीकरण झाल्यावर ती उघडली. त्या देशाच्या यशात आरंभाचा दिवस आणि शेवटचा दिवस या दोहोंचा वाटा आहे. १९१८ चा धडा २०२० ला तसाच लावणाऱ्यांनी हा भेद पुरेसा ध्यानी घेतला नाही, मग ते निर्बंधांचे पुरस्कर्ते असोत की विरोधक.

‘लवकर’ हा शब्द तारतम्याचा न राहता निरपेक्ष होतो अशी एकच परिस्थिती १९१८ मध्ये आढळते, ती बेटांची. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘तालुने’ हे जहाज पश्चिम सामोआतील अपिया बंदरास लागले व उतारू उतरले. तेथे सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पंचमांशाहून अधिक, मृत्युमुखी पडली. शेजारच्या अमेरिकन सामोआत राज्यपाल जॉन पॉयर यांनी बंदरावर कडक क्वारंटाइन लावले. तेथे या साथीने एकही बळी गेला नाही. येथे घड्याळाची गरजच नाही. रोग आत येण्यापूर्वी की नंतर, एवढाच प्रश्न आहे. पण रेल्वेने जोडलेल्या नगरांना बेटाचे उदाहरण लावता येत नाही.

मराठी अभ्यासकास या प्रश्नाची गाठ आपल्या इतिहासात निराळ्या रूपाने पडते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथरोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला, आणि पुण्यात रँड यांच्या हाताखाली मार्च ते मे या महिन्यांत गोऱ्या शिपायांकडून घरझडती, रोग्यांची रवानगी व विलगीकरण ही मोहीम चालली. मेमध्ये प्लेग ओसरला. काळाच्या क्रमावरून पाहिले तर उपाय केला आणि रोग हटला. परंतु उन्हाळा तापला की गाठीचा प्लेग दरवर्षी ओसरतो हे पुढील वर्षांनी दाखविले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पुण्यात तो पुन्हा उसळला. शिवाय रोगाची साखळी उंदीर व पिसू यांच्यामार्फत चालते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले व मान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. माणसाला घरातून उचलून छावणीत नेण्याचा उपाय फेब्रुवारीत केला असता काय आणि मार्चमध्ये केला काय, उंदीर तेथेच राहणार होता. संक्रमणाचा मार्गच चुकला असता काळवेळेच्या चर्चेला अर्थ नसतो. त्या मोहिमेचा आणखी एक परिणाम, जो रँड यांच्या खुनाच्या इतिहासात झाकला जातो, तो असा की लोक रोगी लपवू लागले. निर्बंधांच्या कठोरपणाने नोंदच बिघडली, म्हणजे ज्या घड्याळावरून ‘लवकर’ ठरवावयाचे तेच बंद पडले.

मुंबईतील १९१८ ची साथ वेगळी अडचण दाखविते. तेथे जूनमध्ये एक सौम्य लाट येऊन गेली. गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले. प्राणघातक लाट सप्टेंबरात आली, आणि ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. सप्टेंबरच्या मध्यास एखादा निर्बंध घातला असता तर तो जूनपासून मोजता तीन महिने उशिरा आणि दुसऱ्या लाटेपासून मोजता जवळजवळ आरंभीच ठरला असता. साथ एक की दोन, हे ठरविल्याशिवाय उत्तर नाही. आणि ते ठरविणे हे मोजमापाचे नव्हे, वर्गीकरणाचे काम आहे. या साथीने हिंदुस्थानात जी माणसे गेली त्यांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. ज्या देशाची हानी सर्वांत मोठी, त्याच्या नगरांचा असा काळनिहाय अभ्यास ४३ अमेरिकन नगरांच्या तोडीने झालेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वरील परीक्षणाचा अर्थ काळवेळेला महत्त्व नाही असा कोणी घेतल्यास तो विपर्यास होईल. साथीची वाढ गुणाकाराने होते. रोगी चार दिवसांत दुप्पट होत असतील तर बारा दिवसांत आठपट आणि सोळा दिवसांत सोळापट होतात. हॅचेट व सहकाऱ्यांनी चौदा दिवसांचा फरक तीन ते पाच दुपटींचा मानला आहे, म्हणजे आठपासून बत्तीसपटींपर्यंत. १० जून २०२० रोजी नील फर्ग्युसन यांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे, टाळेबंदी एक आठवडा आधी झाली असती तर मृत्यू निदान निम्म्याने कमी झाले असते, असे सांगितले. दुपटीचा काळ तीन-चार दिवस मानला तर त्या लाटेपुरते हे विधान गणिताने समर्थनीय आहे. त्यात संदर्भबिंदू उघड सांगितला आहे (२३ मार्च), फरक सांगितला आहे (एक आठवडा) आणि साथीचा वेग गृहीत धरला आहे. ते खोटे ठरू शकते, म्हणूनच ते विचारात घेण्याजोगे आहे. ‘वेळीच पावले उचलली नाहीत’ या आरोपाविषयी असे म्हणता येत नाही.

भारतात २५ मार्च २०२० पासून सर्व देशात एकाच तारखेस टाळेबंदी झाली. साथ मात्र सर्वत्र एकाच टप्प्यावर नव्हती. पुण्यात ९ मार्चला पहिले रोगी आढळले होते व मुंबईत संसर्ग वाढत होता. अनेक जिल्ह्यांत तेव्हा एकही नोंद नव्हती. एकच तारीख काही ठिकाणी उशिरा पडली, तर काही ठिकाणी इतक्या लवकर की रोग पोहोचण्यापूर्वीच लोकांची सोसण्याची शक्ती आणि रोजंदारीवरच्यांची शिल्लक संपली. निर्बंध जूनपासून सैल होऊ लागले तेव्हा दैनिक रोगीसंख्या चढतीवर होती. पहिल्या लाटेचे शिखर सप्टेंबरच्या मध्यास आले. पुढे कोणी या काळाचा अभ्यास करील तेव्हा त्यास मुंबईसाठी ‘निर्बंधांचा पहिला दिवस’ ठरवावा लागेल. मार्चच्या मध्यास नाट्यगृहे, व्यायामशाळा व शाळा बंद झाल्या. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला व त्याच रात्रीपासून उपनगरी गाड्या थांबल्या. २३ मार्चला राज्यात संचारबंदी जाहीर झाली. २५ मार्चला देशाची टाळेबंदी आली. ‘टाळेबंदी’ हा शब्द तोपर्यंत मराठीत गिरणीमालकाने कामगारांना दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरला जाई. २०२० मध्ये त्याने जमावबंदी, संचारबंदी आणि शाळाबंदी या सर्व निरनिराळ्या आदेशांना आपल्या पोटात घेतले, आणि त्यांच्या निरनिराळ्या तारखाही. यांतील पहिली तारीख धरली तर मुंबईची गणना एका गटात होईल, शेवटची धरली तर दुसऱ्या. मधले अंतर दहा-बारा दिवसांचे आहे, आणि त्या वेळच्या वेगाने त्यात तीन ते चार दुपटी बसतात.